केप्लर ट्रॅक : फिऑर्डलँडच्या डोंगरातील वाट आणि तिच्यावरील हट

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला फिऑर्डलँड हे राष्ट्रीय उद्यान पसरलेले आहे. 1952 साली स्थापन झालेल्या या उद्यानाचा बराचसा भाग आजही रस्त्यावाचून आणि वस्तीवाचून आहे. त्याच्या पूर्व कडेला, ते अनाऊ आणि मानापौरी या दोन मोठ्या सरोवरांच्या मध्ये केप्लर पर्वत उभे आहेत. एकोणिसाव्या शतकात या मुलखाची मोजणी करणाऱ्या जेम्स मॅकेरो यांनी त्यांना खगोलशास्त्रज्ञ योहान्नेस केप्लर यांचे नाव दिले. या डोंगरांवर चढून, पलीकडच्या दरीत उतरून आणि सरोवराच्या काठाने पुन्हा मूळ जागी येणारी 60 किलोमीटरची वाट म्हणजे केप्लर ट्रॅक.

ही वाट जुनी नाही. मिलफर्ड आणि रूटबर्न या दोन प्रसिद्ध वाटांवरचा भार हलका व्हावा म्हणून ती मुद्दाम आखून बांधली गेली आणि 1988 साली खुली झाली. चढ कुठे किती असावा, पाणी कोणत्या बाजूने काढून द्यावे, कड्याला कुठे जिना बसवावा, हे सगळे आधी ठरवून मग हिची माती हलवलेली आहे. आयते आखून दिलेल्या वाटेवर चालण्यात डोंगराची मजा उणी होते, असे म्हणणारे भटके मला इथेही भेटतात आणि महाराष्ट्रातही. हा ट्रेक केल्यावर माझे मत त्याच्या उलट आणि अधिक पक्के झाले आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

बरोबर माझा थोरला भाऊ होता. दादाची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली आणि सुट्ट्या सह्याद्रीत गेल्या. निवृत्तीनंतर तो नाशिकहून आमच्याकडे क्राइस्टचर्चला राहायला आला, तेव्हा त्याला मोठी शहरे दाखवण्यापेक्षा इथले डोंगर दाखवावेत असे मी ठरवले आणि फेब्रुवारीतले आरक्षण काही महिने आधीच करून ठेवले.

हटविषयी, म्हणजे डोंगरवाटेवरच्या मुक्कामाच्या घरांविषयी, थोडे सांगायला हवे. न्यूझीलंडच्या संवर्धन खात्याकडे, ज्याला इथे सगळे डॉक म्हणतात, देशभरातील साडेनऊशेहून अधिक हट आहेत. त्यांतल्या पुष्कळशा हरणांची संख्या आटोक्यात ठेवणाऱ्या सरकारी शिकाऱ्यांसाठी विसाव्या शतकाच्या मध्यात बांधलेल्या, चार-सहा माणसांच्या पत्र्याच्या खोल्या आहेत. केप्लरवरच्या लक्समोर, आयरिस बर्न आणि मोटुराऊ या तीन हट मात्र मोठ्या आहेत. तिथे गादी घातलेले बंक, गॅसच्या शेगड्या, नळाचे गार पाणी, शेकोटीची भट्टी आणि हंगामात मुक्कामाला असलेला वॉर्डन इतके मिळते. भांडी, स्लीपिंग बॅग आणि शिधा आपला आपण न्यायचा आणि कचरा परत आणायचा. आम्ही मुगाच्या खिचडीचे डाळ-तांदूळ मसाल्यासह पिशव्यांत बांधून घेतले होते. शिवाय मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, थेपले आणि गुळपोळ्या होत्या.

पहिला दिवस : कंट्रोल गेट्स ते लक्समोर

ते अनाऊ सरोवरातून वायाऊ नदी जिथे बाहेर पडते, तिथल्या कंट्रोल गेट्सवरून वाट सुरू होते. मानापौरी जलविद्युत योजनेचा भाग म्हणून बसवलेल्या या दरवाजांनी सरोवराची पातळी राखली जाते. दादा तिथे बराच वेळ रेंगाळला. सॅक पाठीवर तशीच ठेवून तो दरवाजांची रचना वाकून पाहत होता आणि मी घड्याळ पाहत होते.

तिथून ब्रॉड बेपर्यंतचे साडेपाच किलोमीटर सपाट आहेत. उजवीकडे झाडांतून सरोवर दिसत राहते आणि पायाखाली बीच नावाच्या झाडांच्या बारीक पानांचा थर असतो. हे बीच वृक्ष सदाहरित असून त्यांची पाने आपल्या बोटाच्या पेराहूनही लहान असतात, त्यामुळे एवढ्या उंच झाडाखाली पडणारा उजेड चाळणीतून गाळल्यासारखा बारीक पडतो. बुंध्यांवर, दगडांवर आणि आडव्या पडलेल्या ओंडक्यांवर शेवाळाची गादी होती. वाटेवर आम्ही थांबलो की राखाडी रंगाचा, काटकुळ्या लांब पायांचा रॉबिन पक्षी जवळ येई. बुटाच्या टोकाने थोडी माती उकरली की तो हातभर अंतरावर उतरून त्यातले किडे टिपायला लागे आणि मग त्याला आमच्या अस्तित्वाचे काहीच वाटत नसे.

हे धाडस त्या पक्ष्याला महागात पडत आलेले आहे. न्यूझीलंडमध्ये वटवाघळे सोडली तर जमिनीवरचे सस्तन प्राणी मुळात नव्हतेच, म्हणून इथल्या पक्ष्यांना त्यांची भीती ठाऊक नाही. युरोपीय वसाहतकारांनी आधी ससे आणले, आणि ससे अनावर झाले म्हणून 1880 च्या दशकात स्टोट हा मुंगसासारखा चपळ मांसाहारी प्राणी आणून सोडला. स्टोटने ससे खाल्ले असतील, पण अंडी आणि पिल्लेही खाल्ली. वाटेच्या कडेने ठराविक अंतरावर लाकडी पेट्या दिसतात, त्या याच स्टोटसाठी लावलेले सापळे. ते तपासण्याच्या आणि पुन्हा आमिष लावण्याच्या कामात या भागातल्या शाळकरी मुलांचाही वाटा आहे. त्यातली एक पेटी दादाने जाळीतून निरखून पाहिली. आत एक अंडे होते आणि त्याच्या अलीकडे चाप.

ब्रॉड बेच्या वाळूवर थेपले खाऊन आम्ही चढाला लागलो. लक्समोरपर्यंतचे 8.2 किलोमीटर अंतर आणि सुमारे 900 मीटरचा चढ अंगावर येत नाही, कारण वाट नागमोडी नेलेली आहे आणि तिचा उतार जवळजवळ सारखाच राहतो. मध्यावर चुनखडीचे उंच कडे लागतात आणि वाट त्यांच्या पायथ्याला खेटून जाते. त्यानंतर जंगल हळूहळू खुजे होत जाते आणि मग एका वळणावर अचानक संपते. सह्याद्रीत झाडी विरळ होत होत गवत सुरू होते. इथे तसे होत नाही. बीचचे जंगल ज्या उंचीला थांबते तिथे ते एका रेषेत थांबते आणि पुढच्या पावलाला सोनेरी टसॉक गवताचा मोकळा माळ सुरू होतो. त्या रेषेबाहेर आलो तेव्हा सरोवराचा दक्षिण फाटा खाली पसरलेला होता आणि पलीकडे मर्चिसन पर्वत होते.

लक्समोर हट 1085 मीटरवर आहे. पन्नासहून अधिक माणसे तिथे झोपू शकतात आणि बंक ठरवून दिलेले नसतात. जो आधी येईल त्याने आपला बंक निवडावा. ओले बूट बाहेर ठेवायचे नाहीत, अशी पाटी दाराशीच होती, आणि तिचे कारण थोड्या वेळाने कठड्यावर येऊन बसले. किआ हा डोंगरात राहणारा मोठा पोपट आहे. त्याचा रंग दुरून मळकट हिरवा दिसतो, पण पंख उघडले की आतून नारिंगी ज्वाळ दिसते. तो कठड्यावरून तिरका तिरका सरकत एका जर्मन मुलीच्या सॅकपाशी आला, त्याने चोचीचा आकडा झिपच्या कडीत अडकवला आणि ती कडी एका दिशेने ओढून पाहिली. ती हलेना, तेव्हा त्याने मान वाकडी करून क्षणभर विचार केल्यासारखे केले आणि उलट दिशेने ओढली. झिप उघडली. मुलगी धावत आली तेव्हा तो दोन हात मागे सरला, उडाला मात्र नाही.

जेवणाआधी आम्ही हटपासून दहा मिनिटांवर असलेल्या लक्समोर गुहेत जाऊन आलो. चुनखडीत पाण्याने कोरलेली ही गुहा अरुंद आणि ओली आहे, आणि प्रत्येकाकडे एक जादा टॉर्च असल्याखेरीज आत शिरू नये.

संध्याकाळी वॉर्डनबाईंनी सगळ्यांना एकत्र बसवून माहिती दिली. आग लागल्यास कुठे जमायचे, वाऱ्याचा अंदाज काय आहे, उद्या किती वाजता निघणे बरे, हे सांगून झाल्यावर त्या ताकाहेविषयी बोलल्या. निळ्या-हिरव्या पिसांचा, लाल चोचीचा, उडता न येणारा हा पक्षी 1898 नंतर कोणालाच दिसला नव्हता आणि तो नामशेष झाला असे धरले गेले होते. नोव्हेंबर 1948 मध्ये इन्व्हरकार्गिलच्या जेफ्री ऑर्बेल या डॉक्टरांना तो खिडकीतून समोर दिसणाऱ्या त्या मर्चिसन पर्वतांत सापडला. बाईंनी बोट दाखवले तेव्हा चाळीसएक माणसे शेगडीवरची भांडी सोडून खिडकीकडे वळली. रात्री नऊपर्यंत उजेड होता आणि पलीकडच्या डोंगरांच्या घड्या स्पष्ट दिसत होत्या.

दुसरा दिवस : लक्समोर ते आयरिस बर्न

सकाळी फळ्यावर हवामानाचा अंदाज लिहिलेला होता. दुपारनंतर वायव्येचा वारा वाढेल आणि पाऊस येईल, म्हणून शक्यतो लवकर कड्यावरून पार व्हावे असा वॉर्डनबाईंचा सल्ला होता. फिऑर्डलँडचा पाऊस पश्चिमेकडून, समुद्रावरून येतो. पश्चिम किनाऱ्यावरच्या मिलफर्ड साउंडला वर्षाला साडेसहा मीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि डोंगरांच्या पूर्वेला असलेल्या ते अनाऊ गावात त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकाच. घाटमाथा आणि पर्जन्यछाया समजावून सांगायची गरज मराठी माणसाला नसते. दादाने आकडे ऐकून लगेच महाबळेश्वर आणि वाईचा दाखला दिला.

हटपासून तासाभराच्या चढानंतर लक्समोर शिखराचा फाटा येतो. 1472 मीटर उंचीचे हे शिखर मुख्य वाटेपासून थोडेच वर आहे आणि हवा मोकळी असेल तर ते टाळू नये. आम्ही सॅक फाट्यावर ठेवल्या आणि दगडांवरून वर गेलो. उत्तरेला ते अनाऊचे पाणी होते, पश्चिमेला एकामागे एक रांगा, आणि त्या रांगांमध्ये हिमनद्यांनी कोरलेल्या दऱ्या. या दऱ्यांचा तळ व्ही आकाराचा नसून यू आकाराचा असतो आणि बाजूच्या लहान दऱ्या मुख्य दरीच्या वर अधांतरी सुटलेल्या दिसतात, कारण त्यांतल्या लहान हिमनद्यांना मोठीइतके खोल कोरता आले नाही. बसाल्टच्या पायऱ्यापायऱ्यांच्या डोंगरांची सवय असलेल्या डोळ्यांना ही रचना परकी वाटते आणि म्हणूनच पाहत राहावीशी वाटते.

त्यानंतरचे तीन-चार तास म्हणजे या ट्रेकचा गाभा. वाट कड्याच्या पाठीवरून जाते, कधी एका बाजूला उतार तर कधी दोन्ही बाजूंना. मध्ये फॉरेस्ट बर्न आणि हँगिंग व्हॅली हे दोन निवारे आहेत. तिथे मुक्काम करता येत नाही. वारा असह्य झाला तर आत बसावे आणि थांबला की पुढे निघावे, एवढ्यासाठीच ते बांधलेले आहेत. दुसऱ्या निवाऱ्यापर्यंत वाऱ्याने जोर धरला होता. आम्ही आत शिरून गुळपोळी खाल्ली, तेवढ्यात दहा-बारा माणसे आत आली आणि सगळ्यांचे बोलणे वाऱ्याच्या आवाजावर चढवून चालू राहिले.

याच कड्यावर दादा एका जागी थांबला आणि म्हणाला, "तू एक पाहिलंस का? इथे वाटेच्या बाजूला दुसरी वाट पडलेली नाही."

त्याचे म्हणणे अचूक होते. दर हंगामात हजारो माणसे इथून जातात, पण चालण्याचा पट्टा जेमतेम हातभर रुंद आहे आणि त्याच्या कडेचे टसॉक जसेच्या तसे उभे आहे. याचे कारण लोकांच्या शिस्तीत जितके आहे, त्याहून अधिक वाटेच्या बांधणीत आहे. चिखल होऊ शकेल तिथे खडी टाकलेली आहे, पाणी आडवे येईल तिथे चर खणून ते खाली काढून दिलेले आहे, आणि जिथे उतार तीव्र म्हणून लोक घसरून बाजूने गेले असते तिथे लाकडी जिने आहेत. चालणाऱ्याला वाट सोडण्याचे कारणच उरू दिलेले नाही. आपल्याकडे हरिश्चंद्रगडावर किंवा कळसूबाईला पावसाळ्यात एका वाटेची चार वाटा होतात, कारण पहिलीवर चिखल होतो, मग लोक कडेच्या गवतावरून जातात, मग तिथेही चिखल होतो. त्यानंतर आपण लोकांना बेशिस्त म्हणतो. दादाने पाटबंधाऱ्याच्या कामात आयुष्यभर पाण्याला वाट करून दिली. तो त्या चरांपाशी वाकून वाकून पाहत होता आणि मला वाटते, त्या दिवशीच्या सगळ्या देखाव्यांपेक्षा त्याला तेच अधिक आवडले. डोंगर जसा आहे तसा ठेवायचा म्हणजे त्याला हात लावायचा नाही, हा समज मला आता मान्य नाही. माणसे येणार असतील तर आधी वाट नीट बांधावी लागते आणि मग दरवर्षी तिची निगा राखावी लागते.

हँगिंग व्हॅलीनंतर लांबलचक जिना आणि मग जंगलातली असंख्य वळणे उतरत आयरिस बर्न हट येते. लक्समोरपासून 14.6 किलोमीटर. पाऊस शेवटच्या अर्ध्या तासात आला. ओले कपडे भट्टीवरच्या दोऱ्यांवर वाळत घातले, खिचडी शिजवली आणि तीवर मेतकूट घातले. शेजारच्या टेबलावरच्या इन्व्हरकार्गिलच्या एका आजोबांनी वासाने चौकशी केली, म्हणून त्यांच्या वाटीतही थोडी दिली. पाऊस उघडल्यावर वीस मिनिटांवरचा धबधबा पाहून आलो. हटमध्ये परतल्यावर वॉर्डन म्हणाले की या दरीत किवी आहेत आणि जे अंधारात बाहेर थांबतील त्यांना ते ऐकू येऊ शकतील.

अकराच्या सुमारास ते ऐकू आले. नराची शीळ तीव्र आणि चढत जाणारी असते आणि तो ती लागोपाठ पुष्कळदा घालतो. मादीचे उत्तर खरखरीत आणि खालच्या पट्टीत येते. दादा जाकीट गुंडाळून पायरीवर बसला होता. "आता दिसायची काही गरज नाही," असे म्हणून तो झोपायला गेला.

तिसरा दिवस : आयरिस बर्न ते मोटुराऊ

तिसऱ्या दिवशीचे 16.2 किलोमीटर बहुतांशी जंगलातले आणि उताराचे आहेत. त्यांत थांबून पाहण्यासारखी मोठी जागा एक, ती म्हणजे बिग स्लिप. जानेवारी 1984 च्या अतिवृष्टीत इथला डोंगराचा एक मोठा कापच खाली आला. फिऑर्डलँडचा खडक अतिशय कठीण असून हिमनद्यांनी तो घासून गुळगुळीत केलेला आहे. त्यावर माती जवळजवळ नाहीच. शेवाळ आणि कुजलेल्या पानांचा पातळ थर आहे आणि झाडे एकमेकांच्या मुळांत मुळे गुंतवून त्या थरावर उभी आहेत. एक झाड निसटले की ते शेजारच्यांना ओढते आणि उताराची अख्खी पट्टी घसरत जाते. आता त्या उघड्या पट्ट्यावर गवत, झुडपे आणि कोवळे बीच उभे आहेत, त्यामुळे जंगल नव्याने कसे सुरू होते याच्या पायऱ्या तिथे एका नजरेत पाहता येतात.

मोटुराऊ हट मानापौरी सरोवराच्या काठावर आहे. तिथे पोहोचलो तेव्हा ऊन पडले होते आणि बरीच मंडळी पाण्यात उतरलेली होती. काठावर सँडफ्लाय या बारीक काळ्या माश्या मात्र सुखाने बसू देत नाहीत. माओरी लोक त्यांना नामू म्हणतात. त्यांची कथा अशी की फिऑर्डलँड घडवून झाल्यावर त्याच्या सौंदर्याला भुलून माणसे इथेच राहतील, या काळजीने हिने-नुइ-ते-पो या मृत्युदेवतेने मिलफर्डपाशी या माश्या मोकळ्या सोडल्या.

आपण ज्या काठावर बसलो आहोत तो काठ आज असा आहे, यामागे एक मोठा लढा आहे. सरोवराच्या पश्चिम टोकाला खडकाच्या पोटात वीजगृह आहे. सरोवराचे पाणी तिथे खाली सोडून पुढे सुमारे 10 किलोमीटरच्या बोगद्यातून डाउटफुल साउंडला, म्हणजे समुद्राला, नेले जाते. ब्लफजवळच्या अॅल्युमिनियम कारखान्यासाठी ही वीज हवी होती आणि मूळ योजनेत सरोवराची पातळी 30 मीटरपर्यंत उंचावायची होती. तसे झाले असते तर काठाचे जंगल, वाळूच्या खाड्या आणि आतली बेटे पाण्याखाली गेली असती. 1969 पासून देशभर 'सेव्ह मानापौरी' मोहीम उभी राहिली आणि 1970 साली सुमारे 2 लाख 65 हजार सह्यांचे निवेदन संसदेला दिले गेले. तेव्हा देशाची लोकसंख्या तीस लाखांच्याही आत होती. 1972 च्या निवडणुकीत हा प्रश्न गाजला, नॉर्मन कर्क यांचा मजूर पक्ष सत्तेवर आला आणि सरोवर आपल्या नैसर्गिक पातळीतच राखायचे ठरले. वीजगृह आजही चालते, फक्त सरोवर उंचावलेले नाही.

दादाला यात कोयना दिसली. पूर्वेकडे वाहणारे पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला सोडायचे आणि त्या उतारावर वीज करायची, ही कल्पना पोफळीची आणि मानापौरीची एकच. फरक असा की शिवसागराखाली गावे गेली, आणि इथे एक झाडही जाऊ नये म्हणून लोक उभे राहिले. "आपल्याला तेव्हा विजेची गरज होती," तो म्हणाला, "आणि गावांना विचारलंही गेलं पाहिजे होतं. दोन्ही खरं आहे." त्याच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकत होते, म्हणून काही न बोलता ऐकत राहिले.

चौथा दिवस : मोटुराऊ ते रेनबो रीच

शेवटचा टप्पा सहा किलोमीटरचा आहे. वाट सुरुवातीला सरोवराच्या काठाजवळून जाते. पुढे शॅलो बेकडे फाटा जातो, तिथे पाण्याजवळ सहा बंकांची एक जुनी साधी हट आहे. गर्दीचा कंटाळा येणाऱ्यांनी ती लक्षात ठेवावी. त्यापुढे दलदलीचा सपाट प्रदेश लागतो. लाकडी फळ्यांच्या वाटेवरून चालताना खाली स्फॅग्नम शेवाळाचे लाल, पिवळे आणि हिरवे पुंजके आणि मध्ये काळसर पाण्याचे डबके दिसते. मग पुन्हा बीचचे जंगल, आणि वायाऊ नदीवरचा रेनबो रीचचा झुलता पूल.

इथून कंट्रोल गेट्सपर्यंत नदीकाठाने साडेनऊ किलोमीटर चालत जाऊन प्रदक्षिणा पूर्ण करता येते, पण बरेच जण शटल बसने ते अनाऊला परततात आणि आम्हीही तेच केले. दर डिसेंबरमध्ये याच वाटेवर केप्लर चॅलेंज ही शर्यत होते आणि पहिले येणारे धावपटू अख्खे 60 किलोमीटर पाच तासांच्या आत पूर्ण करतात, असे बसचालकाने सांगितले तेव्हा मागच्या बाकांवरून अविश्वासाचे उद्गार आले.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडे. हंगाम ऑक्टोबरच्या अखेरीपासून एप्रिलअखेरपर्यंत असतो आणि त्या काळात आगाऊ आरक्षण सक्तीचे आहे. ते डॉकच्या संकेतस्थळावर होते. डिसेंबर-जानेवारीच्या जागा फार लवकर भरतात आणि परदेशी पाहुण्यांचे दर इथल्या रहिवाशांपेक्षा जास्त असतात. जलरोधक जाकीट, लोकरीचा किंवा फ्लीसचा एक थर, टोपी आणि हातमोजे उन्हाळ्यातही घ्यावेत, कारण कड्यावर बर्फ कोणत्याही महिन्यात पडू शकतो. हिवाळ्यात गॅस आणि वॉर्डन दोन्ही नसतात आणि लक्समोर ते आयरिस बर्नच्या टप्प्यात हिमस्खलनाचा धोका असतो, त्यामुळे हंगामाबाहेर जाणाऱ्यांनी ते अनाऊच्या व्हिजिटर सेंटरमध्ये त्या दिवसाची स्थिती विचारल्याखेरीज जंगलाच्या रेषेच्या वर जाऊ नये.